मेलेली सुई, काळी पट्टी आणि साडेसहा हजार

विचारणारे नागपूरचेच आहेत, पहिली नोकरी लागून वर्ष झालेलं. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं. महाल भागात एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. त्याच्या मालकांकडे पेंटॅक्स के-१००० हा रोलवर चालणारा जुना कॅमेरा आहे, सोबत ५० एमएम एफ/२ लेन्स. किंमत सांगतात ६,५०० रुपये. मालकांनी स्वतःहून दोन गोष्टी सांगितल्या. एक, मीटरची, म्हणजे उजेड मोजणारी, सुई हलत नाही, 'पण सेल टाकला की होऊन जाईल'. दोन, शेवटी शेवटी काही फोटोंत एका बाजूला काळी पट्टी यायची. चालू स्थितीतला हाच कॅमेरा ऑनलाइन १२,००० ला दिसतो. 'काका, घेऊ का? आणि घेतला तर नागपुरात दुरुस्त होईल का?'

मी सीताबर्डीत २६ वर्षं कॅमेरे उघडले. आता दुकान नाही. घरीच टेबल मांडून ओळखीपाळखीच्यांचं काम करतो, तेही फक्त मेकॅनिकल कॅमेऱ्यांचं. एक आधीच कबूल करतो: कॅमेरा हातात न घेता कोणी छातीठोकपणे 'घ्या' किंवा 'नका घेऊ' म्हणत असेल, तर तो अंदाज आहे. मीही अंदाजच करणार, फक्त तो कशावर उभा आहे ते दाखवतो.

तुम्ही दोन खोडी एकाच तागडीत टाकल्या आहेत. त्या एका वजनाच्या नाहीत. मीटर मेलेला के-१००० हा पूर्ण कॅमेरा आहे. पडदा, म्हणजे शटर, अडणारा के-१००० हा अर्धा कॅमेरा आहे. आणि काळी पट्टी कॅमेऱ्यामुळेच आली असेल असंही नाही. म्हणून 'घेऊ का' हा प्रश्न दोन मिनिटं बाजूला ठेवा. आधी 'ती पट्टी कशाची' हे शोधा. ते कळलं की किंमत आपोआप ठरते.

सुईचं आधी उरकून टाकतो. 'सेल टाकला की होईल' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. तीस-चाळीस रुपयांच्या सेलने कॅमेऱ्याचा भाव हजार-दीड हजाराने वाढत असेल, तर विकणारा तो टाकून का ठेवत नाही? बहुतेकांनी टाकून पाहिलेला असतो. तुमच्या स्टुडिओवाल्या काकांवर मात्र मी लगेच संशय घेणार नाही. त्यांच्या पिढीतले लग्नाचे फोटोग्राफर मीटरकडे बघतच नसत. फ्लॅशला ६० चा स्पीड (शटर सेकंदाच्या साठाव्या भागापुरतं उघडं), अंतराप्रमाणे अपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक), बस. सुई दहा वर्षांपूर्वी मेली असेल आणि त्यांना पत्ताही नसेल.

एक एलआर-४४ सेल खिशात घेऊन जा. कॅमेऱ्याच्या बुडाला नाण्याने उघडायचं गोल झाकण आहे, त्यात बसतो. आत हिरवी किंवा पांढरी भुकटी दिसली तर जुना सेल गळलेला आहे. कापसाच्या काडीवर थोडा व्हिनेगर घेऊन पुसलं की संपर्काची जागा साफ होते, पण हे काम कॅमेरा घेतल्यावर घरी करा, काकांच्या बैठकीत नको. सेल टाकून लेन्सची टोपी काढा, खिडकीकडे धरा आणि स्पीडची चकती फिरवा. व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडची सुई वरखाली झाली पाहिजे. चालू-बंदचं बटण शोधत बसू नका, या कॅमेऱ्याला ते नाहीच. लेन्सवर टोपी लावली की अंधार, अंधार झाला की सुई झोपली, एवढीच व्यवस्था. म्हणून टोपीविना कपाटात पडून राहिलेल्या के-१००० चा सेल हमखास संपलेला असतो, आणि संपलेला सेल वर्षानुवर्षं आत राहिला की गळतो.

नवा सेल टाकूनही सुई ढिम्म, तर तीन शक्यता. बुडापासून वर जाणारी तार गंजून तुटली असेल, तर नवी तार टाकता येते. उजेड मोजणारा सेन्सर थकला असेल, तर जुन्या मोडक्या कॅमेऱ्यातला काढून बसवता येतो. सुईची यंत्रणाच जाम असेल, तर मी तरी हात लावत नाही. वेळ जातो आणि फळ मिळेलच असं नाही.

पण या तिन्हींत कॅमेरा फोटो काढतोच. के-१००० चं शटर स्प्रिंगवर चालतं, सेलवर नाही. तो १९७६ पासून १९९७ पर्यंत जवळपास तसाच बनत राहिला, त्याचं मोठं कारण हेच. मीटरचं काम मोबाइलवरचं फुकटचं ॲप करतं. नागपूरच्या उन्हात तर तेही लागत नाही. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत लख्ख ऊन असेल तर अपर्चर १६ ठेवायचं आणि स्पीड रोलच्या आयएसओच्या, म्हणजे रोलवर छापलेल्या आकड्याच्या, जवळचा. २०० चा रोल असेल तर १/२५०. पातळ ढग आले तर ११, भरून आलं तर ८, झाडाच्या सावलीत ५.६. शंका आली तर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्या. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड पचवतं, कमी उजेड पचवत नाही. थोडक्यात, मेलेली सुई भाव करायला कामाची आहे, कॅमेरा नाकारायला नाही.

आता पट्टी.

काकांना पहिला प्रश्न हा विचारा: पट्टी फ्लॅशच्या फोटोंत यायची की उन्हातल्या? त्यांना आठवत नसेल तर जुनी निगेटिव्ह मागा. बंद झालेल्या स्टुडिओत निगेटिव्हच्या पेट्या असतातच. फोटोची प्रिंट बघून निदान करू नका. लॅबच्या मशीनमध्ये निगेटिव्ह जरा सरकून बसली तरी प्रिंटला काळी कड येते, आणि कॅमेरा बिचारा निर्दोष असतो. निगेटिव्ह खोटं बोलत नाही. प्रिंटवर जे काळं, ते निगेटिव्हवर पारदर्शक. म्हणजे फिल्मच्या त्या भागावर उजेड पडलाच नाही. उलट निगेटिव्हवर काळा आणि प्रिंटवर पांढरा किंवा तांबूस पट्टा दिसत असेल, तर तो बाहेरून शिरलेला उजेड. दाराच्या कडेचा फोम सडल्यावर तसं होतं. ती वेगळी आणि स्वस्त भानगड आहे.

फ्लॅशचा प्रश्न काहून विचारायचा ते सांगतो. या कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे कापडाचे दोन पडदे आहेत, दोन्ही एकाच दिशेने आडवे पळतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. १/६० पर्यंत असा एक क्षण येतो की पहिला पूर्ण बाजूला गेलाय, दुसरा निघालेला नाही, अख्खी चौकट उघडी आहे. फ्लॅश त्याच क्षणी पेटतो. स्पीड १/१२५ वर गेला की पहिला पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो. फ्लॅशचा लखलखाट इतका छोटा असतो की तेव्हा जेवढी फट उघडी तेवढ्यावरच पडतो, बाकी अंधार. लग्नाच्या गर्दीत स्पीडची चकती ६० वरून १२५ वर सरकायला कोणाचा कोपर लागला तरी पुरे. सगळ्या रोलभर नवरदेव उजळलेला आणि नवरीचा अर्धा मामा काळोखात.

माझ्याकडे असे कितीतरी कॅमेरे 'शटर गेलं' म्हणून आले. एकदा एक फोटोग्राफर कामठीचं लग्न करून थेट दुकानावर आले, रडकुंडीला आलेले, सहा रोलच्या बऱ्याच फोटोंत पट्टी. मी कॅमेरा उघडलाच नाही. चकती बघितली, १२५ वर होती. ६० वर आणून परत दिला आणि चहाचे पैसे घेतले. लग्नाचे ते फोटो काही परत येणार नव्हते.

निगेटिव्हवर ही चूक ओळखता येते. फ्लॅशच्या चुकीत पट्टी पूर्ण कोरी नसते. हॉलमध्ये ट्यूबलाइट असतील तर काळ्या भागातही त्यांचं फिकट चित्र उमटलेलं असतं, आणि उजळ-काळ्याची सीमा बऱ्यापैकी सरळ असते. शिवाय ती फक्त फ्लॅशच्याच फोटोंत असते. त्याच रोलवर दारातल्या वरातीचे, उन्हातले फोटो स्वच्छ असतील तर पडद्याला दोष देऊ नका.

उन्हातल्या, विनाफ्लॅशच्या फोटोंतही पट्टी असेल तर मात्र पडदा अडतोय. १/१००० ला दोन पडद्यांमधली फट जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. आतलं ग्रीस जुनं होऊन चिकट झालं की पहिला पडदा किंचित रेंगाळतो, मागचा त्याला गाठतो, फट मिटते. पुढच्या भागाला उजेडच मिळत नाही. इथे पट्टीची सीमा ठळक नसते, फोटो एका बाजूला हळूहळू मावळत जातो आणि शेवटी काळा होतो. हे आधी १००० ला दिसतं, मग ५०० ला, मग खाली उतरत येतं. १/६० ला फट इतकी मोठी की तेवढं रेंगाळणं कळतही नाही.

एक बारकावा अजून. पट्टी चौकटीच्या आखूड बाजूला असेल तरच पडद्याचा संशय घ्या. लांब बाजूला, म्हणजे आडव्या फोटोत आकाशाकडे किंवा जमिनीकडे असेल, तर लेन्समागचा आरसा शॉटच्या क्षणी वेळेत वर जात नाहीये. कारणं मिळतीजुळती, चिकट झालेलं वंगण. उपायही तोच, सर्व्हिसिंग.

निगेटिव्ह मिळाली नाहीत तर तिथेच बसून बघता येतं. रिवाइंडची खुंटी वर ओढून मागचं दार उघडा, आधी आत रोल नाही ना हे विचारून. लेन्स काढा: बटण दाबून फिरवली की निघते. कॅमेरा ट्यूबलाइटकडे नको, खिडकीतल्या आकाशाकडे धरा, कारण ट्यूब स्वतःच लुकलुकते आणि तुम्हाला फसवते. १/१००० वर ठेवून मागून बघत दाबा. क्षणभर पूर्ण चौकोन उजळलेला दिसला पाहिजे. एक बाजू गायब, तर निदान झालं. पडद्याला बोट लावू नका. मुलांनी आरपार बोट घातलेले पडदे मी बदललेत, ते काम कोणालाच परवडत नाही.

यात सगळ्यात महत्त्वाचा शॉट पहिला. महिनोन् महिने पडून राहिलेला कॅमेरा पहिल्या एक-दोन वेळा अडतो, मग दहा वेळा दाबला की मोकळा होतो आणि गाडी सुरळीत चालते. जुन्या बाजारातले विक्रेते गिऱ्हाईक यायच्या आधी कॅमेरा वीस वेळा वाजवून ठेवतात तो याचसाठी. काकांना फोनवरच सांगा, 'काका, मी येईपर्यंत हात लावू नका.' हसतील, पण ऐकतील.

दुसरी फसगत आपल्या हवेची. आता मे महिना आहे, दुपारी पंचेचाळीसला पारा. या उन्हात जुनं ग्रीस पातळ होतं आणि अडणारा पडदाही पळतो. तोच कॅमेरा डिसेंबरात फुटाळ्यावर पहाटे आठ-दहा डिग्रीत काढला की पुन्हा अडतो. मेमध्ये पास झालेल्या कॅमेऱ्याला मी पूर्ण गुण देत नाही. शक्य असेल तर सकाळी सातला जा, किंवा एसीच्या खोलीत अर्धा तास ठेवून मग पहिला शॉट बघा. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत घाम धरतो.

हळू स्पीड कानाने तपासा. एक सेकंद, अर्धा, पाव. आतून घड्याळासारखी बारीक घरघर ऐकू येते. ती मध्येच दमली, किंवा आरसा वरच अडकून राहिला, तर वंगण सुकलंय. मोबाइलमध्ये २४० फ्रेमचं स्लो मोशन असेल तर अजून छान. मागून व्हिडिओ घ्या आणि उजळ फ्रेम मोजा. १/३० ला साधारण आठ आल्या पाहिजेत, १/८ ला तीस. आठाऐवजी नऊ आल्या तर घाबरू नका. पंधरा आल्या तर घाबरा. १/६० च्या वर ही मोजणी भरवशाची नाही.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: सुईने भाव कमी होतो, घ्यायचं की नाही ते ठरत नाही. पट्टी फ्लॅशची निघाली तर ती खोडच नाही. उन्हातही येत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच बोला. आणि पहिला शॉट थंड, न हाताळलेल्या कॅमेऱ्यावर बघा.

लेन्सकडे तुम्ही लक्षच दिलेलं नाही आणि मला खरी काळजी तिचीच आहे. नागपूर कोरडं शहर, इथे कसला फंगस, असं लोक मला सांगतात. मी त्यांना विचारतो, घरात कूलर आहे? मार्चअखेर ते जून आपण वाळ्याच्या ताट्या भिजवून घरात दमट हवा सोडतो. त्यामागून चार महिने पावसाळा. कॅमेरा मात्र लेदरच्या केसमध्ये, केस गोदरेजच्या कपाटात, कपाट कूलरच्या खोलीत. अंधार, ओल आणि कोंडलेली हवा, फंगसला याहून काय हवं? माझ्याकडे आलेल्या सगळ्यात वाईट लेन्सेस गोव्या-कोकणातल्या नव्हत्या, धरमपेठेतल्या होत्या.

लेन्स काढून अपर्चर पूर्ण उघडा आणि मागून मोबाइलचा टॉर्च धरून तिरपं बघा. चार-दोन धुळीचे कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, त्यांनी काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे पांढरे धागे दिसले तर तो फंगस. कडेला थोडासा, बाहेरच्या काचेजवळ असेल तर साफ होतो. फार दिवसांचा असेल तर काचेवरचं कोटिंग खाऊन ठेवतो, मग धागे गेले तरी त्यांचे डाग राहतात आणि उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो दुधाळ येतात. सगळी काच धुकट दिसत असेल तर त्या लेन्सची किंमत शून्य धरा.

मग अपर्चर १६ वर आणून लेन्सच्या मागची छोटी दांडी बोटाने सरकवून सोडा. अपर्चरची पाती टचकन मिटली पाहिजेत. सावकाश मिटत असतील तर त्यांच्यावर तेल आलंय. तेही आपल्या उन्हाचं काम: फोकसच्या रिंगमधलं ग्रीस पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटात पातळ होतं आणि पात्यांवर उतरतं. दुपारी एफ/१६ लावून फोटो काढाल, पण दाबताक्षणी पाती १६ पर्यंत पोचलेलीच नसतील. सगळा रोल जळलेला येईल आणि तुम्ही मीटरला शिव्या द्याल.

आता पैशाचं. खोड असलेल्या वस्तूचा भाव मी नेहमी उलटा मोजतो. चालू वस्तूच्या भावापासून सुरुवात करून खर्च वजा करत यायचं. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे विचारून घाला. ऑनलाइन १२,००० दिसतात, पण तो मागितलेला भाव आहे. सौदे त्याच्या खाली होतात, मी १०,००० धरतो.

पट्टी फ्लॅशची असेल तर: ट्रायलचा रोल, धुणं आणि स्कॅन मिळून १,४००, दाराचा आणि आरशाचा फोम बदलायला ६००, मेलेल्या सुईचे १,५००. उरले ६,५००. म्हणजे काकांनी सांगितलेला भाव वाजवी आहे. पाचशे रुपये कमी करून मागा, पण त्यासाठी सौदा मोडू नका. स्टुडिओत सांभाळलेला कॅमेरा आहे.

पडदा अडत असेल तर: सर्व्हिसिंग ३,५००, फोम त्यातच. बाहेरगावी पाठवायचा तर जाण्यायेण्याचं कुरिअर ८००. ट्रायल रोलचे १,४००. उरले ४,३००. सुई त्याच वेळी बघतील, झाली तर झाली. ती न होण्याचा आणि कॅमेरा 'होत नाही' म्हणून परत येण्याचा थोडा धोका धरून मी ४,००० च्या वर जाणार नाही. लेन्स खराब निघाली तर दोन्ही हिशोबांतून आणखी दोन हजार वजा करा.

ट्रायलचा रोल मी खर्चात का धरतो असं पुष्कळ जण विचारतात. छत्तीस फोटोंना १,४०० म्हणजे एका फोटोला जवळपास ३९ रुपये. हौसेचा खरा खर्च कॅमेऱ्यात नाही, तिथे आहे. ज्याला हा आकडा जड वाटतो त्याने साडेसहा हजारांचा कॅमेरा चार हजारांना मिळाला तरी घेऊ नये. वर्षभरात तो पुन्हा विकायला निघतो, मी बघितलंय.

सर्व्हिसिंग न करता पडदा अडणारा कॅमेरा वापरता येईल का? येतो. २०० चा रोल, १/२५० आणि अपर्चर १६, उन्हातलं सगळं काम त्यावर निघतं. १००० आणि ५०० ला हातच लावायचा नाही. माझे एक मित्र तीन वर्षं असेच फोटो काढत होते. पण चिकटपणा वाढत जातो, आज २५० ठीक आहे म्हणून पुढच्या दिवाळीत असेल याची हमी नाही. आणि ४०० चा रोल टाकला की भर उन्हात अपर्चर १६ ला १/५०० लागतोच. वर्षभराची सोय म्हणून ठीक.

नागपुरात दुरुस्त होईल का? जुने हात कमी उरलेत. डिजिटल आल्यावर बहुतेकांनी धंदा बदलला. सदर-बर्डीच्या जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारलं तर एखादं नाव निघतं. त्या माणसाला दोनच प्रश्न विचारा: के-१००० आधी उघडलाय का, आणि झाल्यावर १/१००० मला मागून दाखवाल का. दुसऱ्या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडे ठेवू नका. स्प्रेने तेल मारून 'झालं' म्हणणारेही आहेत. दोन महिने कॅमेरा लोण्यासारखा चालतो, मग तेच तेल पडद्यावर आणि आरशावर पसरतं. बाहेर पाठवायचा तर मुंबईचा बोरा बाजार किंवा दिल्लीत चांदणी चौकाजवळची कॅमेऱ्यांची गल्ली. फक्त बॉडी पाठवा, लेन्स घरी ठेवा. के-१००० ची एक जमेची बाजू अशी की तो इतका खपला, की सुट्या भागांसाठी मोडके कॅमेरे अजून मिळतात.

हे सगळं मी के-१००० आहे म्हणून इतक्या मोकळेपणाने सांगतोय. याच काकांनी तुम्हाला नव्या सेलवरही बंद असलेला इलेक्ट्रॉनिक कॅमेरा दाखवला असता तर मी दोन ओळींत 'नको' म्हटलं असतं. कॅनन एई-१ चं शटर सहा व्होल्टच्या सेलशिवाय हलतच नाही. मिनोल्टा एक्स-७०० मध्ये कपॅसिटर जातात, बदलताही येतात, पण सोल्डरिंगचा हात पाहिजे. याशिका इलेक्ट्रो ३५ चा मूळ पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, अडॅप्टर करावा लागतो. त्यांतले चालू असलेले छान आहेत, मी फक्त बंद असलेल्यांबद्दल बोलतोय. दुकानाच्या सुरुवातीच्या दिवसांत मी असाच एक बंद जपानी कॅमेरा 'सर्किटचं एक वायर असेल' म्हणून ९०० रुपयांना घेतला होता. अजून डब्यात आहे. त्याचे स्क्रू मात्र मी पाच-सहा कॅमेऱ्यांना वापरलेत, म्हणजे अगदीच बुडाले असं नाही. याशिका एफएक्स-३ दिसला तर मात्र के-१००० सारखाच विचार करा, तोही सेलविना चालतो. त्याचं बाहेरचं काळं आवरण भुगा होऊन हाताला लागतं, ते बघून घाबरून भाव पाडता येतो इतकंच.

आणि घरात सापडलेला फ्लॅशवाला छोटा कॅमेरा, हॉट शॉट किंवा याशिका एमएफ-२ सारखा, स्वतः उघडून बघायच्या भानगडीत पडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास भरलेले असतात आणि सेल काढल्यावरही राहतात. मला दोनदा झटका बसलाय, दुसऱ्यांदा खुर्चीवरून पडलो.

तर रविवारी सकाळी महालात जाताना एलआर-४४, चार्ज केलेला मोबाइल आणि एखादा मुदत संपलेला रोल न्या. रोल चढवून चार-पाच वेळा लिव्हर ओढा आणि रिवाइंडची खुंटी सोबत फिरते का ते बघा. फिरत नसेल तर रोल पुढे सरकतच नाहीये. काका लेदरची केस देतील, ती आनंदाने घ्या, पण कॅमेरा तिच्यात ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, तोही कूलर नसलेल्या खोलीत.

पहिला रोल मारबतीच्या मिरवणुकीसाठी राखून ठेवू नका, आधी घराच्या गच्चीवर संपवा. कोणता फोटो कोणत्या स्पीडला काढला ते वहीत लिहा, प्रत्येक स्पीडला तीन. धुवून आल्यावर कुठे पट्टी दिसली तर तिचा फोटो मला पाठवा. प्रिंटचा नको, खिडकीवर धरलेल्या निगेटिव्हचा, आणि वहीचं ते पान सोबत.